बोरन्हाणाचा फोटो

मिताली काळी होती. एखाद्या बाईची ओळख अशी करून देऊ नये हे कळतं, पण दामल्यांच्या घरात ती पहिल्या दिवसापासून अशीच करून दिली गेली, आणि पुढं जे झालं ते सगळं तिथूनच सुरू झालं. तेव्हा आपणही तिथूनच सुरुवात करू.

"सून सावळी आहे हो, पण गुणाची आहे," असं तिच्या सासूबाई, अरुंधतीबाई, आल्यागेल्याला सांगायच्या. बाई वाईट नव्हत्या, निदान स्वतःच्या मते तरी नव्हत्या. सुनेला त्यांनी कधी उपाशी ठेवलं नाही, माहेरहून काही आण म्हटलं नाही. फक्त लग्नाचा अल्बम लावताना, मिताली आणि अपूर्व स्टेजवर शेजारी शेजारी उभे असलेले फोटो त्यांनी बाजूला काढले आणि म्हणाल्या, "फ्लॅशमुळे फरक जरा जास्तच दिसतो." मिताली हसली. हसून घेणं तिला चांगलं जमायचं.

तिचं माहेर जासईचं. वडील काशिराम घरत कंटेनरच्या यार्डात मुकादम. त्याच यार्डाच्या ऑफिसात मिताली बिलिंग बघायची आणि अपूर्व दामले पलीकडच्या टेबलावर बसायचा. दोघांचं जमलं, खांदा कॉलनीतल्या दामल्यांच्या फ्लॅटमध्ये बरेच दिवस कुणी कुणाशी बोललं नाही, आणि शेवटी लग्न झालं. आगऱ्याची पोर बामणाच्या घरात गेली म्हणून जासईत काही जण खूश झाले, काहींनी नाकं मुरडली. आई सुमती तेवढी म्हणाली, "रंग बगून तुला बोलतील गो. तोंड उगडू नको." सुमतीनं लेकीला लहानपणापासून साय आणि डाळीचं पीठ चोळून अंघोळी घातल्या होत्या, चहाला शिवू दिलं नव्हतं. "चा पिशील तर आनकी काली होशील," हे वाक्य मितालीनं शाळेच्या प्रार्थनेइतकं ऐकलं होतं. त्यामुळं सासरचं बोलणं तिला नवीन नव्हतं. भाषा जरा शुद्ध होती, एवढंच.

दिवस राहिले तेव्हा अरुंधतीबाईंनी घर डोक्यावर घेतलं. रोज संध्याकाळी चांदीच्या पेल्यातून केशराचं दूध. जांभळं, काळे मनुके, खजूर, काळी द्राक्षं घरात यायची बंद झाली. तपासणीच्या वेळी डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या लिहून दिल्या, तर त्या पाकिटाकडं बघून बाई म्हणाल्या, "ह्या नको घेऊस हो. ह्यांनी मूल काळं होतं. आमच्या वन्संच्या सुनेनं घेतल्या, बघितलंस ना काय झालं ते."

मितालीनं बघितलं होतं. वन्संचा तो नातू चांगला धडधाकट होता, दिवसभर जिने चढायचा-उतरायचा, आणि सगळे त्याला 'आमचा कान्हा' म्हणून चिडवायचे. तिनं गोळ्या साड्यांच्या कप्प्यात खाली सरकवून दिल्या. कुणी तिचा हात धरला नव्हता. पोटातलं मूल आपल्यावर जाऊ नये असं तिलाही वाटत होतं, सासूपेक्षा कांकणभर जास्तच वाटत होतं.

मुलगी झाली. नाव ठेवलं रुचिरा. अरुंधतीबाईंनी दवाखान्यातच बाळाच्या कानांच्या पाळ्या उजेडात धरून बघितल्या, कारण मुलाचा पुढचा रंग तिथं कळतो म्हणतात. पाळ्या काळसर होत्या. दुपटं नीट करून त्यांनी बाळ मितालीच्या कुशीत ठेवलं आणि घरी जाऊन पडून राहिल्या. सुमतीनंही पाळ्या बघितल्या होत्या. ती तिथंच पलंगाच्या कडेला बसून डोळे पुसत राहिली. एका तान्ह्या पोरीच्या कानांवरून दोन आज्या रडल्या, आणि त्यात कुणाला काही वावगं वाटलं नाही.

पण सहा महिने उलटले आणि पोर उजळत चालली. आधी तळवे, मग गाल, मग त्या कानांच्या पाळ्यासुद्धा. वर्षाची झाली तेव्हा ती इतकी गोरी होती की वडाळे तळ्यावर फिरायला नेली तर अनोळखी बायका थांबून बघायच्या. अरुंधतीबाई म्हणाल्या, केशर उशिरा लागू पडलं. त्या तिला रुचिरा म्हणेनाशा झाल्या. लोण्याचा गोळा नुसता, म्हणून 'लोणी' म्हणायला लागल्या, आणि मग घरभर तेच नाव झालं.

लोणीला रंग टिकावा म्हणून दूधच दूध. आपट्याहून एक माणूस काचेच्या बाटल्यांतून गाईचं दूध आणून द्यायचा, त्यातलं लिटरभर एकट्या लोणीचं. नाचणीचं सत्त्व नको, ते काळं. पालक नको, मसूर नको, अंड्याचा तर प्रश्नच नाही. भाताची पेज, रव्याची खीर आणि पुन्हा दूध. पोर रडायची नाही. दिवसाचे कितीतरी तास झोपायची. जागी असली की जिथं ठेवाल तिथं बसून राहायची. शेजारणी म्हणायच्या, किती शहाणी मुलगी. दीड वर्षाची होत आली तरी पाऊल टाकत नव्हती, तर अरुंधतीबाईंचे यजमान कृष्णकांत, जे एरवी वर्तमानपत्रातून डोकं काढत नसत, म्हणाले, "आमच्याकडं मुलं सावकाशच चालतात." पोर पॅसेजमधल्या भिंतीचे पोपडे काढून खायची, तर बाई म्हणाल्या, चुना खाते म्हणजे कॅल्शियम कमी पडतंय. म्हणून आणखी एक पेला दूध.

आणि मितालीचं काय? मितालीची चांदी झाली होती. जी सून पूर्वी लग्नाकार्यात स्वयंपाकघराकडच्या खुर्चीवर बसायची, तिला आता पुढं बोलावलं जायचं. "ही आमची मिताली, लोणीची आई." आमची. हा शब्द तिला लग्नानंतर चौथ्या वर्षी मिळाला. तो ऐकला की तिच्या अंगावर मूठभर मांस चढायचं. कडेवरची पोर पिसासारखी हलकी का लागते, जिना चढताना नुसती कडेवर असूनही तिला धाप का लागते, हे प्रश्न तिच्या मनात यायचे आणि ती ते कोपऱ्यात ढकलून द्यायची.

डिसेंबरात पोरीला खोकला झाला म्हणून उरण नाक्याजवळ डॉक्टर सायमांकडं नेली. अरुंधतीबाईही बरोबर होत्या. डॉक्टरांनी खोकल्याकडं फारसं लक्षच दिलं नाही. पोरीची खालची पापणी ओढून बघितली, तळवे उघडून बघितले, छातीला नळी लावून बराच वेळ ऐकत राहिल्या.

"दूध किती पिते?"

"लिटरभर सहज," अरुंधतीबाई कौतुकानं म्हणाल्या. "गाईचं, आपट्याहून येतं."

"आणि जेवण?"

"जेवणाची तिला गरजच लागत नाही."

डॉक्टरांनी रक्त तपासायला पाठवलं आणि दुसऱ्या दिवशी दोघींना पुन्हा समोर बसवलं. "काकू, ही गोरी नाही. हिच्या अंगात रक्त नाही," त्या म्हणाल्या. "हिमोग्लोबिन अकराच्या वर पाहिजे, हिचं साडेसहा आहे. गाईच्या दुधात लोह नावापुरतं असतं. त्यानं पोट भरतं, भूक मरते, आणि रक्त बनायला काही मिळत नाही. ही शांत नाही, हिला रडायची ताकद नाही. भिंत खाते तीसुद्धा त्यामुळंच. असंच राहिलं तर हृदयावर ताण येईल, डोक्याची वाढ मागं पडेल."

मितालीला नवल वाटलं नाही. हे आपल्याला माहीत होतं, असं तिला त्या क्षणी स्वच्छ कळलं.

"औषध सोपं आहे," डॉक्टर म्हणाल्या. "लोहाचे थेंब. दोन खाण्यांच्या मध्ये, मोसंबीच्या नाहीतर लिंबाच्या रसातून द्यायचे. दुधाबरोबर अजिबात नाही, दुधात ते लागू पडत नाहीत. दूध दिवसाला दोन कप, बस. नाचणी, पालेभाजी, डाळ, अंडं, चालत असेल तर चिकन. शी काळी होईल, घाबरू नका. दातांवर डाग पडतील, ते ब्रशनं जातात. महिन्याभरात बघा, अंगात जीव येईल आणि तिचा मूळचा रंग परत येईल."

शेवटचं त्यांनी आनंदाची बातमी म्हणून सांगितलं होतं. घराच्या गल्लीत रिक्षा वळली तेव्हा अरुंधतीबाईंनी विचारलं, "मूळचा म्हणजे कुठला गं?" मिताली पर्समधून रिक्षाचे पैसे काढू लागली. बाईंनाही उत्तर नकोच होतं.

तिनं थेंब सुरू केले. पहिले चार दिवस इमानदारीनं दिले, मोसंबीच्या रसातून, डॉक्टरांनी सांगितलं तसे. आणि चौथ्या दिवशी दुपारी ती जेवत असताना पोरीनं हात पुढं करून ताटातला भाकरीचा तुकडा उचलला. स्वतःहून. चघळला, गिळला, आणि दुसऱ्यासाठी हात पुढं केला. मितालीला इतका आनंद झाला की तिचा घास हातातच राहिला. ही पोर कधी काही मागतच नव्हती, आणि आज मागत होती.

त्याच संध्याकाळी अरुंधतीबाईंनी लंगोट बदलला आणि काळी शी बघितली. मग पोरीचे ओठ वर करून दात बघितले. पुढच्या दातांवर करडी रेघ उमटली होती.

"मिताली," त्या म्हणाल्या, "मी औषधाला नाही म्हणत नाहीये. डॉक्टर शिकलेल्या आहेत. पण संक्रांत तोंडावर आली आहे. गेल्या वर्षी भावजींचं सुतक होतं म्हणून बोरन्हाण राहिलं. आता सगळ्यांना बोलावून झालंय. दीड वर्ष नव्हतं घेतलं औषध, आणखी थोड्या दिवसांनी काय होतंय? बोरन्हाण होऊ दे. मग पाहिजे तर बाटलीच्या बाटली पाज."

अपूर्व सोफ्यावर होता. त्यानं मोबाइलवरून नजर न काढता म्हटलं, "थोड्या दिवसांचा तर प्रश्न आहे."

बोरन्हाण म्हणजे संक्रांतीनंतर लहान मुलांना काळे कपडे घालायचे, पांढऱ्या हलव्याचे दागिने घालायचे आणि डोक्यावरून बोरं, चुरमुरे, उसाचे करवे, गोळ्या ओतायच्या. बाकीच्या पोरांनी ते लुटायचं. काळ्या कपड्यावर पांढरा हलवा आणि त्यात लोण्यासारखी पोर. मितालीला ते चित्र दिसलं. दामल्यांच्या सगळ्या चुलत्या-मावळणी, वन्संची ती सून, सोसायटीतल्या बायका, आणि मधोमध पोरीला धरून बसलेली ती. लग्नात जे मिळालं नाही ते सगळं त्या एका दुपारी मिळणार होतं. इथं सासूला दोष देऊन मोकळं होता येईल, पण खरं तसं नाही. थेंबांची बाटली फडताळातल्या साबुदाण्याच्या डब्यामागं ठेवली ती मितालीनं, स्वतःच्या हातानं. रात्री पोरीनं पुन्हा भाकरीकडं हात केला तेव्हा तिनं तो धरून खाली घेतला आणि दुधाचा पेला पुढं केला.

संक्रांतीपर्यंत पोर पुन्हा पहिल्यासारखी शांत झाली. खोकलाही गेला नव्हता, उलट अंगात बारीक ताप राहू लागला. "फोटोत गाल छान येतील," असं अपूर्वची मावशी म्हणाली.

बोरन्हाणाला हॉल भरून बायका आल्या. फोटोग्राफर बोलावला होता. काळा मखमली फ्रॉक, हलव्याचा मुकुट, हलव्याचा हार, बाजूबंद, कमरपट्टा. पाटावर ठेवलेल्या पोरीला बघून बायकांनी श्वास रोखले. "अगं बाई, काळ्यात काय उठून दिसते." "ह्यांच्या घराण्याचाच रंग घेतलाय." वन्संची सून आपल्या कान्ह्याला मागं ओढत होती. मितालीनं नवी पैठणी नेसली होती. तिच्याकडंही लोक बघत होते, आणि बघून हसत होते, आणि त्या हसण्यात पहिल्यांदाच 'पण' नव्हता. ती सुखानं भरून गेली होती, हे सांगायलाच हवं.

सुमतीला तिनं मुद्दाम उशिराची वेळ सांगितली होती, फोटो होऊन गेल्यावरची. पण सुमतीला नातीला बघायची घाई. ती बोरांची पिशवी आणि ऊस घेऊन वेळेच्या आधीच दारात उभी राहिली. पाटावरच्या पोरीकडं बघून तिचा चेहरा उतरला.

"अगो, ही अशी का बसलेय? मान बग ना, टिकत नाय हाय तिची. नजर लागलेय पोरीला. मीठ-मिरच्या दे, उतरून टाकते."

"आई, तू आत जाऊन बस," मिताली दबक्या आवाजात म्हणाली. जासईला ती तिला 'आये' म्हणायची. "सगळ्यांसमोर हाय-नाय करू नकोस."

सुमतीनं एकदा लेकीच्या पैठणीकडं बघितलं आणि ती पिशवी घेऊन आत गेली. तिच्या बोरांची पिशवी शेवटपर्यंत बेडरूममध्येच राहिली.

पहिली ओंजळ अरुंधतीबाईंनी ओतली. बोरं टपाटपा पडली, पोरं तुटून पडली, आरडाओरडा झाला. लोणी त्या गलक्यात तशीच बसून होती. एकही बोर तिनं उचललं नाही. फोटोग्राफर खूश होता. "एकदम परफेक्ट. बाकीची मुलं हलतात, फोटो खराब होतात. ही जराही हलत नाही."

दुसऱ्या ओंजळीला तिचे डोळे अर्धे मिटले. श्वास फ्रॉकच्या आतून भराभर वरखाली होत होता, एवढा की गळ्यातला हलव्याचा हार हलत होता. मितालीनं ते बघितलं. सगळ्यांत जवळ तीच बसली होती. आत्ता उचलावं असं तिला वाटलं, आणि एवढी एक ओंजळ होऊ दे असंही वाटलं, आणि तिनं एक ओंजळ होऊ दिली. तिसरी ओंजळ डोक्यावरून पडली आणि पोर हळूच एका बाजूला कलंडली, बोरांच्या ढिगात.

"झोपली गुलाम," कुणीतरी म्हणालं, आणि सगळ्या हसल्या. फोटोग्राफरनं वाकून आणखी एक फोटो घेतला.

मितालीनं उचलली तेव्हा तिचे ओठ राखेच्या रंगाचे झाले होते. हलव्याचे दागिने मोडून पैठणीला चिकटले.

दवाखान्यात डॉक्टर सायमांना बोलावून घेतलं. न्यूमोनिया होता, आणि हिमोग्लोबिन चारवर आलं होतं. डॉक्टरांनी रिपोर्ट बघितला आणि मितालीकडं वळल्या. "थेंब दिलेत ना?"

भोवती सगळे उभे होते. अपूर्व, अरुंधतीबाई, कृष्णकांत, दाराशी सुमती. "हो," मिताली म्हणाली. "रोज दिले."

"रोज? मोसंबीच्या रसातून?"

"रोज."

डॉक्टरांच्या कपाळाला आठ्या पडल्या. रोज लोह देऊनही रक्त खाली जातं म्हणजे दुसरं काहीतरी आहे. कुठंतरी आत रक्तस्राव होतोय, नाहीतर रक्त बनण्यातच दोष आहे. त्यांनी आणखी तपासण्या लिहिल्या. मग सुरू झालं टोचणं. पोरीच्या हाताला शीर सापडेना, म्हणून पायाला, मग मानेजवळ. एरवी न रडणारी पोर आता रडत होती, आवाज न काढता, नुसतं तोंड उघडून. प्रत्येक सुईच्या वेळी मिताली तिचे हात धरून ठेवायची, कारण नर्सनं तसं सांगितलं होतं. एक वाक्य बोलली असती तर सुया थांबल्या असत्या. ते वाक्य तिच्या जिभेवर होतं. पण दाराशी अरुंधतीबाई उभ्या होत्या, आणि मितालीला त्यांचं 'आमची' सोडवत नव्हतं. तिनं पोरीचे हात आणखी घट्ट धरले.

रक्त चढवायचं ठरलं. मितालीनं बाही वर केली. "माझं घ्या." तांत्रिकानं तिचं बोट टोचून थेंब तपासला आणि मान हलवली. "तुमचंच कमी आहे, मॅडम. तुम्हाला देता येणार नाही." मग रक्तपेढीतून पिशवी आली, आणि तिच्या बदल्यात अपूर्वनं रक्त दिलं. पिशवी लावत असताना अरुंधतीबाईंनी डॉक्टरांना बाजूला घेऊन विचारलं, "कुणाचं आहे हो हे? अपूर्वचंच चढवता आलं नसतं का?"

"बी पॉझिटिव्हचं आहे," डॉक्टर सायमा म्हणाल्या आणि आत गेल्या.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी थेंबांची बाटली मागवली, कोणतं औषध दिलं गेलं ते बघायला. अपूर्व घरी गेला आणि शोधून शोधून साबुदाण्याच्या डब्यामागून ती घेऊन आला. डॉक्टरांनी बाटली उजेडात धरली. ती जवळजवळ भरलेली होती. डॉक्टरांनी तपासण्यांचा कागद फाडून टाकला आणि म्हणाल्या, "ह्या सगळ्या सुया तिला उगाच खाव्या लागल्या." त्यांचा आवाज चढलासुद्धा नाही. चढला असता तर बरं झालं असतं.

बोलल्या त्या अरुंधतीबाई. "मी औषधाला कधी नको म्हटलं होतं का? सांग सगळ्यांसमोर. मी फक्त बोरन्हाण होऊ दे म्हटलं. आई असून पोटच्या पोरीशी असं वागतात?" हे खोटं नव्हतं, हेच त्यातलं वाईट. मिताली मान खाली घालून उभी राहिली. अपूर्व खिडकीबाहेर बघत होता. सुमती दाराशी पदर तोंडात धरून होती, तिनं लेकीच्या बाजूनं एक शब्दही काढला नाही. त्या दिवसापासून 'आमची' संपलं.

पोर वाचली. डॉक्टर सायमांनी ह्या वेळी विश्वास ठेवला नाही. त्यांची नर्स रोज फोन करून विचारायची आणि दर आठवड्याला बाटली बघायला मागवायची. थेंब मोसंबीच्या रसातून गेले, दूध दोन कपांवर आलं, नाचणी आली, पालेभाजी आली, जासईहून सुमतीची अंडी आली. पोरीनं भिंत सोडली. उठून उभी राहिली, मग धावायला लागली, मग एके दिवशी पाय आपटून, भोकाड पसरून रडली. शेजारणींनी विचारलं, काय झालं हो तुमच्या शहाण्या मुलीला?

आणि रंग परत आला. जीभ लाल झाली, नखं गुलाबी झाली, ओठांना तजेला आला, आणि अंगाची कातडी हळूहळू मितालीची झाली. कानांच्या पाळ्यांनी पहिल्या दिवशी जे सांगितलं होतं तेच खरं ठरलं. मे महिन्यातल्या एका सकाळी पोरीला अंघोळ घालताना मितालीनं तिचा दंड आणि आपला दंड शेजारी बघितले. एकच रंग. पोर पाणी उडवत होती, ओरडत होती, धडधाकट होती, आणि मितालीला वाईट वाटलं. कुणीतरी गेल्यावर वाटतं तसं. तिनं तांब्याभर पाणी पोरीच्या डोक्यावर जरा जोरातच ओतलं.

अरुंधतीबाई तिला पुन्हा रुचिरा म्हणायला लागल्या, इतकंच. पुढच्या संक्रांतीला बोरन्हाणाचा विषय निघाला तर म्हणाल्या, "एकदा झालंय ना." पण बोरन्हाणाचा तो फोटो त्यांनी मोठा करून हॉलमध्ये लावला. काळी मखमल, हलव्याचा मुकुट, अर्धे मिटलेले डोळे. येणारा-जाणारा त्याच्यासमोर थांबायचा. "ही आमची लोणी," बाई म्हणायच्या. रुचिरा तिथंच खाली खेळत असायची. पाहुणे एकदा फोटोकडं बघायचे, एकदा तिच्याकडं, आणि चहाचा कप उचलायचे.

रुचिरा साडेतीन वर्षांची झाली. बोलायला उशिरा लागली होती, पण आता बोलायची. एकदा तिनं आजीचा पदर ओढून विचारलं, "आजी, ती कोण?"

"ती आमची लोणी होती."

"आणि मी?"

"तू तुझ्या आईची," अरुंधतीबाई म्हणाल्या आणि पदर सोडवून घेतला.

मितालीनं स्वयंपाकघरातून ते ऐकलं. तिला पुन्हा दिवस गेले होते. घरात परत थोडी ऊब आली होती, जांभळं यायची बंद झाली होती, चांदीचा पेला घासूनपुसून बाहेर निघाला होता. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या लिहून दिल्या होत्या आणि बजावून सांगितलं होतं, ह्या वेळी चुकवू नका, तुमचंही रक्त कमी आहे, पहिल्या वेळचं विसरू नका. ती विसरली नव्हती. पायाची, मानेची प्रत्येक सुई तिला आठवत होती. गोळ्यांचं पाकीट तिच्या समोर ओट्यावर होतं, न उघडलेलं.

अरुंधतीबाई केशराचं दूध घेऊन आल्या. पेला ओट्यावर ठेवला, पाकिटाकडं बघितलं. नुसता मितालीच्या पाठीवरून हात फिरवला आणि गेल्या. त्या घरात त्या हातासाठी ती दोन वर्षं थांबली होती. तिनं पाकीट उचललं आणि कचऱ्याच्या डब्यात, पालकाच्या देठांखाली घातलं.

रुचिरा दाराशी उभी होती. "आई, तुझ्या पोटात बाळ आहे?"

"हो."

"ती आहे? फोटोतली?"

मितालीनं हॉलकडं बघितलं. भिंतीवर दुपारचं ऊन आलं होतं आणि काचेआडची पोर दुधासारखी दिसत होती. "हो," ती म्हणाली. "तीच येणार आहे."

रुचिरानं जरा विचार केला. मग तिनं विचारलं, "मग मी कुठं जाऊ?"

"गप बस जरा," मिताली म्हणाली, "मला दूध पिऊ दे." आणि तिनं पेला तोंडाला लावला.